पावसाळ्यातले शेजारी
(एक माजी विद्यार्थी)

आपल्या शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहून पाठवावे, अशी संपादक महोदयांची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. १९७० साली मी बेळगावची ही शाळा सोडली. निबंधाच्या वहीवर ‘विषयांतर टाळावे’ असा तांबड्या शाईतला शेरा मला हमखास मिळत असे, आणि इतक्या वर्षांत त्या दोषात सुधारणा झाली आहे असे मला वाटत नाही. परंतु पाऊस हा विषय असा आहे की, बेळगावच्या माणसाने त्यावर बोलताना संकोच धरण्याचे कारण नाही. म्हणून हे धाडस.

पुलांचे नकाशे व गणिते करणाऱ्या एका कचेरीत मी अमेरिकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि २०१६ साली सेवानिवृत्त झालो. त्यानंतर आम्ही उभयता मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात राहावयास गेलो. परदेशातून येणाऱ्या सेवानिवृत्तांना दरमहा १,००० डॉलरचे निवृत्तिवेतन असल्याचा दाखला दिला की तेथे राहण्याचा परवाना मिळतो. देश लहान, क्षेत्रफळ सुमारे ५१,००० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या गोव्याएवढे चौदा प्रदेश त्यात बसतील, इतकेच. १९४८ साली या देशाने आपले सैन्य विसर्जित केले आणि ते पुन्हा उभारले नाही. पक्ष्यांच्या मात्र ९०० हून अधिक जाती तेथे आढळतात. आपला भारत त्याच्या साठपटींहून मोठा, तरी आपल्याकडे या जाती सुमारे १,३०० आहेत. यावरून त्या चिमुकल्या भूमीची समृद्धी ध्यानात यावी.

पॅसिफिक महासागराच्या काठी केपोस नावाचे बंदराचे गाव आहे. पूर्वी तेथे केळीच्या मोठ्या बागा होत्या. केळीवर रोग पडल्यावर त्या जागी तेलाच्या ताडांची लागवड झाली. गावाजवळच मॅन्युएल अँटोनिओ हे १९७२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. त्या परिसरातल्या एका टेकडीवर आमचे घर आहे. घरासमोर अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे रान, आणि रानाच्या वर दिवसभर कुठे ना कुठे जमत असलेले ढग.

आम्ही जानेवारी २०१७ मध्ये तेथे उतरलो, तेव्हा आकाश निरभ्र होते. लोक त्या ऋतूला उन्हाळा म्हणत होते, याचे मला नवल वाटले. विषुववृत्ताच्या उत्तरेस असूनही डिसेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा, आणि मे ते नोव्हेंबर हा पावसाचा काळ म्हणजे तिथला हिवाळा! स्पेनहून आलेल्या लोकांनी आपल्या मायदेशातली नावे या ऋतूंना चिकटवली. त्यांच्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. तेव्हा पाऊस आला की हिवाळा आला, असा तो हिशेब. माणूस परक्या मुलुखात जाताना आपले ऋतूही बरोबर घेऊन जातो. आम्ही तरी वेगळे काय केले? सात जून उलटला आणि मृग लागला की आमच्याकडे आजही कांद्याची भजी होतात, मग बाहेर पाऊस महिन्यापूर्वीच सुरू झालेला का असेना.

एप्रिलअखेरीस एक मातकट रंगाचा पक्षी पहाटेपासून गाऊ लागला. यिग्विर्रो हे त्याचे नाव. दिसायला अगदी साधा. त्याच्याभोवती लाल, निळे, हिरवे असे कितीतरी देखणे पक्षी असता १९७७ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून निवड झाली ती याची. शेजारचे एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, “तो गातो म्हणून पाऊस येतो.” मला एकदम आपला पावशा आठवला. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे तो आपल्या शेतकऱ्याला सांगतो ना! पृथ्वीच्या दोन टोकांच्या कुणब्यांनी पावसाचे श्रेय एकेका पाखराला द्यावे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. ते आजोबा आणि मी यांची ओळख या पाखरावरून झाली. माझे स्पॅनिश तेव्हा दुकानात तांदूळ मागण्यापुरतेच होते.

तिथला पाऊस आपल्या पावसासारखा नव्हे. आपल्याकडे आषाढात दिवस दिवस सूर्याचे दर्शन होत नाही. तिथे सकाळ लख्ख उजाडते, दहा वाजेपर्यंत ऊन तापते, दुपारी डोंगराकडून काळोख उतरतो आणि मग दोन-तीन तास असा काही कोसळतो की समोरचा रस्ता दिसत नाही. जुलैत काही दिवस उघडीप पडते; तिला ते ‘छोटा उन्हाळा’ म्हणतात. आमच्या घरी मात्र तिचे नाव श्रावण. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस भरास येतो. वर्षाकाठी केपोस परिसरात साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आठवीत असताना आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी बाटली, नरसाळे आणि पट्टी एवढ्या सामग्रीवर पर्जन्यमापक करून दाखविला होता. तसाच मी तेथे अंगणात मांडला आणि रोज सकाळी सातला आकडा लिहून ठेवू लागलो. सेवानिवृत्ताला सकाळी सातला करण्यासारखे काही असणे किती आवश्यक आहे, हे तुम्हांस आज कळणार नाही. तुमच्या आजोबांना विचारा.

या ओल्या दिवसांत घराचे रूप पालटते. पुस्तकांच्या कडांना बुरशी येते, चामड्याच्या जोड्यांवर हिरवी साय धरते, मीठ पाझरते. त्याच्या डबीत ते लोकही तांदळाचे दाणे घालतात. भिंतीवर पाल चुकचुकते. ती चुकचुक ओळखीची वाटली म्हणून चौकशी केली, तो ती आशियातलीच निघाली. जहाजांतील मालाबरोबर तिने तो देश गाठला. “म्हणजे आपणच काही पहिले नाही,” असे माझी पत्नी म्हणाली, आणि तेव्हापासून आमच्याकडे पालीला कोणी हुसकत नाही.

रात्री बेडकांचा कोलाहल सुरू होतो. त्यांतला तांबड्या डोळ्यांचा, पोपटी अंगाचा झाडबेडूक विशेष पाहण्यासारखा. त्याची मादी पाण्यावर झुकलेल्या पानाच्या अंगास अंडी चिकटवते. साधारण आठवड्याने अंडी फुटतात आणि पिले टपटप खालच्या पाण्यात पडतात. परंतु एखादा साप जर अंडी खाऊ लागला, तर त्याने दिलेल्या हिसक्यांचा बोध होऊन पिले मुदतीपूर्वीच अंड्याबाहेर उडी घेतात! वाटेवरून पाने तोडणाऱ्या मुंग्यांची हिरवी मिरवणूक चाललेली असते. ही पाने त्या खात नाहीत; वारुळात नेऊन त्यांच्यावर एक प्रकारची बुरशी पिकवतात आणि ती खातात. शेतीच म्हणा ना! झाडाच्या दुबेळक्यात गाठोड्यासारखा बसलेला स्लॉथ तासन् तास हालत नाही. पावसात त्याच्या केसांत शेवाळ वाढते व तो झाडासारखाच हिरवट दिसू लागतो. तीन नख्यांचा स्लॉथ आठवड्यातून एकदाच, तेही शौचासाठी, झाडाखाली उतरतो. त्याच्याकडे पाहून मला ३१ वर्षांच्या घाईगर्दीची लाज वाटे.

असो. गुरुजींचा तांबडा शेरा आठवला. मूळ गोष्टीकडे येतो.

२०१७ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ‘नेट’ नावाच्या वादळाचा तडाखा त्या देशाला बसला. दोन दिवस पाऊस थांबला नाही. माझे माप काठोकाठ भरून वाहिले. त्या तारखेपुढे वहीत आकडा नाही, नुसती रेघ आहे. नद्यांनी पात्रे सोडली, रस्ते खचले, पूल वाहून गेले, माणसे दगावली. आमचे घर उंचावर म्हणून वाचले. परंतु वीज गेली, नळाचे पाणी गेले, आणि गावाकडे जाणारा रस्ता दरडीने बंद झाला. पूल बांधण्यात ज्याने आयुष्य घालविले, तो मी मेणबत्तीच्या उजेडात हात जोडून बसलो होतो. माझी पत्नी खानापूर तालुक्यातली. इरले डोक्यावर घेऊन शाळेत गेलेली. पावसाला भिणारी ती नव्हे. पण तिसऱ्या रात्री ती म्हणाली, “अहो, इथे आपले कोण आहे? आपण परत जाऊ.” मजजवळ उत्तर नव्हते.

पाऊस ओसरल्यावर एका सकाळी ओटीच्या कठड्यावर सात-आठ माकडे येऊन बसली. ही तिती जातीची माकडे अगदी लहान असतात; वजन किलोभराच्या आत. पाठ नारिंगी, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे. कोस्टा रिकाचा पॅसिफिककाठ आणि शेजारच्या पनामाचा पश्चिम भाग, एवढ्यातच ही जात आढळते. भिजून ती केविलवाणी झाली होती. माझ्या पत्नीने घरातला केळ्यांचा घड आणून कठड्यावर ठेवला. तिच्या माहेरी वानरे शेतात शिरली की पोरांनी गोफण घेऊन धावायचे, असा शिरस्ता होता. तीच आता माकडांना हाताने केळी देत होती आणि कित्येक दिवसांनी हसत होती. परत जाण्याचा विषय मागे पडला. मीही मनात म्हटले, केळी स्वस्त आहेत.

माकडे रोज येऊ लागली. सकाळी सातला मी पर्जन्यमापकाजवळ, माकडे कठड्यावर. हिने त्यांना नावे ठेवली. एकीचे नाव ठेवले ठमाबाई. मार्चमध्ये ठमाबाईला पिलू झाले. ते तिच्या पाठीस चिकटून येई. आम्ही छायाचित्रे काढून बेळगावच्या भाच्यांना पाठवीत होतो. शेजारचे आजोबा एक-दोनदा कुंपणाशी थांबून पाहत राहिले. काही बोलले नाहीत.

रानातून आमच्या ओटीवर यावयाचे तर मध्ये रस्ता. त्या ठिकाणी दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींस भिडत नव्हत्या. रस्त्यावर आडवी गेलेली उघडी वीजवाहक तार मात्र होती. पूर्वी ही माकडे आमच्या बाजूस क्वचितच येत. आता केळ्यांच्या ओढीने ती रोज त्या तारेवरून येत होती. हे मला रोज दिसत होते. नुसते दिसत होते, असे म्हणतो. पाहिले असे म्हणवत नाही. भार कोणत्या वाटेने जाईल, हे ओळखणे हाच माझा आयुष्यभराचा धंदा. आणि माझ्या दारातल्या जिवांची वाट कोणत्या तारेवरून जाते, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

२०१८ च्या जूनमध्ये एका सकाळी, रात्रीच्या पावसाने सारे निथळत असताना, बाहेर फटाका फुटावा तसा आवाज झाला. ठमाबाई रस्त्यावर पडली होती. पिलू तिच्या पाठीवर जिवंत होते आणि सोडावयास तयार नव्हते. हिने ते पदरात घेतले. जखमी प्राण्यांची शुश्रूषा करणारे एक केंद्र होते, तेथे आम्ही ते पोचविले. चौथ्या दिवशी ते गेले.

त्या संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. पुष्कळ वेळ बसले. मग म्हणाले, “मी सांगणार होतो. इथे रानातल्या जनावरांना खायला घालीत नाहीत. त्यांची वाट बदलते. पण तुम्ही परक्या देशातून आलेले. तुमच्या घरात आनंद दिसत होता. मला बोलवले नाही.” माझी पत्नी म्हणाली, “मीच मारले तिला.” मी म्हटले, “आपण दोघांनी.” हे समजुतीचे वाक्य नव्हते, ते तसेच होते. भूतदया वाईट नव्हे. पण आम्ही जे दिले, ते त्यांच्या गरजेपेक्षा आमच्या एकटेपणासाठी अधिक दिले होते. वादळानंतरही रानात त्यांच्यापुरते किडे व फळे होतीच. त्यांना केळी नको होती, आम्हांला पाहुणे हवे होते.

दुसऱ्या दिवसापासून केळी बंद झाली. माकडे आठ-दहा दिवस येऊन कठडा हुंगून गेली. ते दिवस फार कठीण गेले. ही आत जाऊन बसे. मग येणे थांबले.

परंतु आमच्या अंगणात एक जुना आंबा होता, आणि त्याच्या मोहोरावरच्या किड्यांसाठी व फळांसाठी ती कधी तरी तारेवरून येणारच, हे उघड होते. त्या भागात रस्त्यांवर झाडांपासून झाडांपर्यंत जाड दोर बांधून माकडांसाठी पूल केलेले मी पाहिले होते. मनात आले, आपला हा धंदाच आहे. मी वीज खात्याच्या माणसांना भेटलो. त्यांनी तारेपासून दूरची जागा आखून दिली, आणि पुढे काही महिन्यांनी त्या तारेवर वेष्टणही चढविले. एकदा मी दोनशे मीटरच्या गाळ्याची गणिते केली होती. हा गाळा चौदा मीटरचा. मी वही काढून ऐटीत आकडे मांडले.

पहिला पूल वीस दिवसांत तुटला. एका टोकासाठी मी जे सरळ, सुरेख झाड निवडले होते, त्याकडे पाहून आजोबा हसले, ते गुआरुमो. आतून पोकळ, पोकळीत मुंग्यांची वस्ती. मग रस्त्यापलीकडचा ग्वानाकास्ते निवडला. हा त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष, आपल्या शिरीषासारखाच शेंगांच्या कुळातला. दुसरी चूक अधिक शिकविणारी होती. मी दोर ताठ ओढला होता. आजवरचे माझे सारे खांब काँक्रीटचे. ते हालत नसत. झाडे वाऱ्यात हालतात, शिवाय दरसाल जाड होतात. दुसऱ्या खेपेस आजोबांच्या नातवाने वर चढून दोर सैल सोडला. मध्ये अर्ध्या मीटरचा झोल ठेवला आणि साल कापू नये म्हणून गाठींखाली जुन्या टायरचे तुकडे घातले.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. पुलावरून एकही माकड गेले नाही. सप्टेंबरात उत्तर अमेरिकेतले पक्षी थंडीच्या भयाने दक्षिणेकडे येऊ लागले. आमच्या जुन्या घरामागे उन्हाळ्यात दिसणारा नारिंगी-काळा ओरिओल आंब्यावर दिसला. पुलावर मुंग्या चालल्या, एकदा एक खार गेली. मी रोज वहीत पावसाच्या आकड्यापुढे ‘पूल – नाही’ असे लिहीत होतो. ही सकाळी चहाचा पेला घेऊन ओटीवर येई, पण पुलाकडे पाहत नसे.

१७ ऑक्टोबरच्या नोंदीत ६४ मिलिमीटर पाऊस आहे. त्या दिवशी सातच्या सुमारास ग्वानाकास्तेची पाने हालली. एक तिती दोरावर आली, मध्यापर्यंत जाऊन परतली. पुन्हा आली. दोर झुलला, तशी ती बसली. मग उठून चालू लागली आणि आंब्यावर पोचली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. मी मोजली, बारा. दोघींच्या पाठीवर पिले होती. आमच्या ओटीकडे त्यांतल्या एकीनेही पाहिले नाही. घरात केळी होती. आम्ही हाललो नाही. पुष्कळ वेळाने ही म्हणाली, “नातवाला सांगा, मे महिन्याच्या आधी गाठी बघायला हव्यात.” त्यावरून मला कळले की पुढच्या पावसाळ्यात आम्ही तिथेच असणार.

विद्यार्थिमित्रहो, मी काही प्राणिशास्त्राचा पंडित नाही. तुम्हांस उपदेश करण्याचा अधिकारही माझ्याजवळ नाही. ज्याच्या चुकीने दोन जीव गेले, त्याने अनुभव सांगावा, एवढेच. तुमच्यापैकी काहीजण उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जातील. जेथे जाल तेथील पाऊस मोजा, पाखरांची नावे तिथल्याच माणसांना विचारा, आणि एखादा जीव आवडला तर त्याला हाताशी बोलावण्यापूर्वी तो कोणत्या वाटेने येतो तेवढे पाहा. शेजाऱ्याने आपली चूक वेळेवर सांगावी, इतके आपलेपण त्याच्याशी जोडा. आजोबा त्या वेळी बोलले असते तर, असे मला अनेकदा वाटते. पण त्यांना बोलता यावे इतके जवळ मी त्यांना तोवर येऊ दिले नव्हते, हेही खरे.

बाटली, नरसाळे आणि पट्टी ही सामग्री तुमच्याही घरी असेलच. बेळगावच्या पावसाचे आकडे मला कळविलेत, तर मी तिकडचे पाठवीन. आमचा पूल आजही आहे. दर एप्रिलमध्ये, यिग्विर्रो गाऊ लागला की, आम्ही त्याच्या गाठी सैल करून पुन्हा बांधतो. कारण तोवर दोन्ही झाडे थोडी वाढलेली असतात.